कूळ, गडी आणि कम्मकर : एका प्रश्नाच्या निमित्ताने

वर्षावासाच्या काळात रायगड जिल्ह्याच्या खारेपाटातील एका विहारात 'सिगालोवाद सुत्ता'वर बोलण्याचा योग मला आला होता. सहा दिशांचे विवेचन करीत मी खालच्या दिशेपर्यंत, म्हणजे 'दासकम्मकरां'पर्यंत आलो आणि पालीच्या वर्गात लागलेल्या सवयीने त्या शब्दाचा अर्थ 'नोकरचाकर' असा सांगून पुढे निघालो. प्रवचन संपल्यावर सत्तरी ओलांडलेले एक उपासक उभे राहिले व म्हणाले, "सर, हा कम्मकर म्हणजे कूळ की गडी? माझा बाप गडी होता, कूळ नव्हता. म्हणून विचारतो."

मी तेव्हा जे उत्तर दिले ते शब्दकोशातले होते. कम्म म्हणजे काम, ते करणारा तो कम्मकर, असे मी सांगितले. उपासकांनी नम्रपणे मान डोलावली, पण त्यांच्या प्रश्नाला मी हात लावला नव्हता हे त्यांना कळले आणि परतीच्या वाटेवर मलाही कळले. प्रस्तुत लेख त्या उत्तराची दुरुस्ती म्हणून लिहिला आहे.

जे वाचक कोकणातले नाहीत त्यांना हा प्रश्न कदाचित शब्दच्छल वाटेल. दोघेही दुसऱ्याच्या जमिनीत राबणारे. एकाला कूळ म्हटले काय आणि दुसऱ्याला गडी म्हटले काय, फरक तो कोणता? परंतु या किनाऱ्यावर तो फरक जमिनीचा आहे. ज्याच्या बापाची नोंद महसुली दप्तरात 'कूळ' अशी झाली त्याच्या मुलाच्या नावे आज थोडीफार भातजमीन आहे. ज्याचा बाप 'गडी' राहिला त्याच्या मुलाला घराखालच्या जागेसाठीसुद्धा अर्ज करीत फिरावे लागले. दोघांनी एकाच बांधावर चिखल तुडवला असेल, एकाच उघाडीची दारे ओढली असतील. एका शब्दाने त्यांची घराणी निराळी केली.

प्रथम 'कूळ' हा शब्द पाहू. त्याचे मूळ उघड आहे. संस्कृत व पाली 'कुल' म्हणजे घराणे, कुटुंब. पाली वाङ्मयात भिक्खू पिंडपातासाठी 'कुला'त जातो. ज्या घरी त्याचे नित्याचे जाणेयेणे असते त्या संबंधावरून त्याला 'कुलूपग' म्हणतात. तेथेच 'उच्चाकुल' व 'नीचकुल' हे शब्दही येतात, आणि चांडाल, नेसाद, वेण, रथकार व पुक्कुस यांची गणना नीच कुलांत केलेली आढळते. तथागतांनी ती उतरंड मान्य केली नाही हे आपण जाणतो. पण ती उतरंड त्यांच्या भोवतालच्या भाषेत होती हेही विसरता येत नाही.

मराठीत आल्यावर या शब्दाने दोन वाटा धरल्या. एक वाट कुळाचाराची, कुलदैवताची. दुसरी वाट वसुलीची. राज्याला सारा कुटुंबावर बसवायचा असल्यामुळे ज्या घरावर सारा बसला ते घर म्हणजे 'कूळ' झाले. जो या घरांचा हिशेब लिहितो तो कुळकर्णी. घरागणिक होणारी आकारणी ती कूळवार. कसणाऱ्याला कुळवाडी म्हणू लागले, आणि १८६९ मध्ये महात्मा फुले यांनी शिवछत्रपतींवर पवाडा रचला तेव्हा त्यांना 'कुळवाडीभूषण' म्हणून त्या शब्दाचा मान वाढविला. परंतु दप्तरात तो मान पोचला नाही. तेथे कूळ म्हणजे ज्याच्याकडून काही येणे आहे तो. सावकार ऋणकोस कूळ म्हणे, वकील पक्षकारास कूळ म्हणे. व्याकरणाकडेही लक्ष द्यावे : शब्द नपुंसकलिंगी आहे. खोताच्या ओटीवर माणूस येत नसे, 'कूळ' येई. ते बुडे, ते पळे, ते नवे लावले जाई. चालत्याबोलत्या माणसाला 'ते' करणारी ही हिशेबाची भाषा आहे.

'गडी' हा शब्द याहून साधा. आट्यापाट्या खेळताना गडी म्हणजे बरोबरीचा भिडू. तोच शब्द शेतात आला की त्याच्या मागे मालकाचे नाव लागते व त्याला एकवचनात हाक मारली जाते. वर्षाच्या बोलीने राहिला तर सालगडी. रोजावर आला तर रोजकरी किंवा मोलकरी. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जो आयुष्यभर राबे त्याला 'लग्नगडी' म्हणत. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाने ती प्रथा मराठी वाचकांसमोर आणली.

आता कुलाबा जिल्ह्याकडे वळू. १९८१ पासून त्याचे नाव रायगड आहे. येथे व रत्नागिरीत खोती होती. खोत हा मुळात सरकार व गाव यांच्यामधला वसुलीदार. प्रत्यक्षात तो गावाचा धनी होऊन बसला होता. कुळाने पिकाचा निम्मा वाटा द्यायचा तर तो 'अर्धेल', तिसरा द्यायचा तर 'तिर्धेल'. वाट्याशिवाय निरनिराळ्या निमित्तांनी काढलेले उकळे असत, वेठ असे. समुद्राच्या भरतीपासून भातजमीन राखण्यासाठी घातलेले मातीचे बांध दरवर्षी दुरुस्त करावे लागत. बांध फुटला की खारे पाणी आत येऊन जमीन काही वर्षे नापीक होई. ही मेहनत कुळाची व गड्याची. जमीन मात्र कागदावर त्यांची नव्हे.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांत हा संप १९३९ पर्यंत चालला. बहुसंख्य संपकरी आगरी समाजाचे होते. सहा वर्षे शेते ओस राहिली आणि माणसे लाकूडफाटा विकून, खाडीत मासे-चिंबोऱ्या धरून जगली. १९३४ मध्ये बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेस आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. ज्या महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्याचा संगर झाला तो याच जिल्ह्यातला. पाण्याच्या व जमिनीच्या लढ्यात दहा वर्षांचेच अंतर आहे, आणि अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस हे बाबासाहेबांचे महाडचे सहकारी स्वतंत्र मजूर पक्षाच्या कामातही दिसतात. १९३७ मध्ये नारायण नागू पाटील यांनी पत्र काढले त्याचे नाव 'कृषीवल'. शेतकऱ्यासाठी संस्कृतात असलेला हा भारदस्त शब्द खोताच्या कुळांनी आपल्या पत्राच्या मथळ्यावर चढविला, याची भाषेच्या इतिहासकारांनी जितकी नोंद घ्यायला हवी तितकी घेतलेली नाही.

बाबासाहेबांचे विधेयक संमत झाले नाही. परंतु १९३९ च्या कूळकायद्याने 'संरक्षित कूळ' ही संज्ञा आणली, १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला, १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरून त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक झाल्याचे मानले गेले. हा लहान विजय नव्हे. हिशेबातले 'ते' कायद्यात हक्काचे नाव झाले.

येथेच त्या उपासकांच्या प्रश्नाची गाठ आहे. १९४८ च्या कायद्याचे चौथे कलम सांगते की दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा तो कूळ मानावा. पण लगेच काही अपवाद करते. मालकाच्या कुटुंबातील व्यक्ती कूळ नव्हे. पिकाच्या वाट्याऐवजी रोख किंवा धान्यरूपाने वेतन घेणारा चाकर कूळ नव्हे. मालकाच्या देखरेखीखाली मोलाने राबणारा मजूरही कूळ नव्हे. याच्या जोडीला 'जातीने कसणे' या शब्दांची व्याख्या वाचावी. मालक स्वतःच्या किंवा घरच्या माणसांच्या कष्टाने कसत असेल तर तो जातीने कसतोच; पण स्वतः देखरेख ठेवून मजुरांकडून कसून घेत असेल तरीही तो जातीनेच कसतो, असे कायदा मानतो. अर्थात ज्याच्या हातात नांगर आहे त्याने कसले नाही, आणि जो बांधावर छत्री घेऊन उभा आहे त्याने कसले, असा या व्याख्येचा व्यवहारातला निकाल झाला. कायदा येणार याची चाहूल लागताच कुळाला गडी म्हणून दाखविण्यात कोणाचे हित होते हे वाचकांना सांगायला नको.

'सुत्तनिपाता'तील कसिभारद्वाज सुत्त आपल्या पाठातले आहे. मगधात दक्खिणागिरी येथील एकनाला या ब्राह्मणगावी पेरणीच्या दिवसांत भारद्वाज ब्राह्मणाचे पाचशे नांगर जुंपलेले असतात. अन्न वाढले जात असता तथागत तेथे भिक्षेस उभे राहतात. ब्राह्मण त्यांना सुनावतो की आपण नांगरतो, पेरतो आणि मग खातो. श्रमणानेही तसेच करावे. तथागत म्हणतात की आपणही नांगरतो. तेव्हा ब्राह्मण पुरावा मागतो : कस्सक म्हणवितोस, पण तुझा नांगर, तुझे बैल आम्हाला दिसत नाहीत. यानंतरच्या श्रद्धा, प्रज्ञा, स्मृती यांच्या रूपकावर आपण नेहमी बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण रूपकाच्या आधीचे दृश्य आपण भरभर ओलांडतो. पाचशे नांगर एक माणूस धरू शकत नाही. त्या शिवारात नांगरांमागे निदान पाचशे माणसे होती. सुत्तात त्यांना नाव नाही, तोंडी एक शब्द नाही. तरीही 'मी नांगरतो' हे क्रियापद भारद्वाजाने निःशंकपणे स्वतःसाठी वापरले आहे. १९४८ च्या व्याख्येप्रमाणे पाहिले तर तो जातीनेच कसत होता! तथागतांकडे कसण्याचा पुरावा मागणाऱ्या त्या ब्राह्मणाकडे कोणी पुरावा मागितला नाही.

मग पालीत त्या पाचशेंना काय म्हणत? 'कस्सक' नव्हे. कस्सक हा शब्द बहुधा स्वतःची शेती असलेल्यासाठी येतो. 'सामञ्ञफल सुत्ता'त हा भेद अगदी स्वच्छ आहे. अजातसत्तूला श्रामण्याचे प्रत्यक्ष फळ सांगताना तथागत आधी राजाच्याच एका दास-कम्मकराचे उदाहरण घेतात : जो धन्याआधी उठतो, धन्यानंतर निजतो, धन्याचे तोंड पाहत राहतो. त्यानंतर दुसरे उदाहरण कस्सक गहपतिकाचे. तो कर भरणारा, राजाच्या कोठारात भर घालणारा. म्हणजे राज्याच्या दप्तरात ज्याची नोंद आहे तो कस्सक, आणि नोंद नाही तो कम्मकर. खारेपाटाच्या भाषेत सांगायचे तर पहिल्याचे स्थान कुळाच्या जवळचे, दुसऱ्याचे गड्याचे. सांधा अगदी तंतोतंत जुळत नाही हे मान्य करावयास हवे, कारण कस्सकावर राजा होता, त्याच्या व राजाच्या मध्ये खोत असल्याचे सुत्तात दिसत नाही. परंतु ज्या रेषेने हे दोघे वेगळे होतात ती रेषा तीच आहे.

विनयपिटकात या शब्दांच्या व्याख्याही दिल्या आहेत. दास तीन प्रकारचा : घरात जन्मलेला, धन देऊन विकत घेतलेला, युद्धात पकडून आणलेला. कम्मकर मात्र 'भतक', म्हणजे भतीवर, मजुरीवर राबणारा. याचा अर्थ कम्मकर गुलाम नव्हे. त्याचे अंग धन्याचे नाही, त्याने श्रम विकले आहेत. मात्र 'दासकम्मकरपोरिस' असा समास वारंवार येतो, त्यावरून व्यवहारात ही सीमा किती पुसट होती हे कळते. देवराज चानना यांनी १९६० मध्ये व उमा चक्रवर्ती यांनी १९८७ मध्ये आपापल्या ग्रंथांत या शब्दांचा जो कसून विचार केला आहे तो पालीच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. जाता जाता एक सावधगिरी : 'कम्मार' म्हणजे लोहार किंवा सोनार, चुंद कम्मारपुत्त हा मजुराचा मुलगा नव्हे. वर्गात दरवर्षी कोणीतरी ही चूक करतो.

या अर्थाने 'सिगालोवाद सुत्त' पुन्हा वाचले की 'नोकरचाकर' हे भाषांतर किती अपुरे आहे ते ध्यानात येते. तेथे धन्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : अंगबळ पाहून काम नेमणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, घरी काही विशेष गोडधोड झाले तर त्यातला वाटा देणे, आणि वेळच्या वेळी सुटी देणे. घरगुती चाकरालाही हे लागू पडेल. पण बळाप्रमाणे काम, 'भत्तवेतन' व वेळेवर सुटी हे सर्व शेताच्या कामाशी अधिक जुळते. भात आणि रोज ही जोडी आपल्याकडच्या आवणी-कापणीतही तशीच आहे. 'कूटदन्त सुत्ता'त तर याहून पुढचे पाऊल आहे. तेथील आदर्श यज्ञात दास, पेस्स व कम्मकर दंडाच्या भीतीने, अश्रू ढाळीत काम करीत नाहीत. ज्यांना करावेसे वाटले त्यांनी केले, ज्यांना वाटले नाही त्यांनी केले नाही. वेठीच्या विरोधात इतके स्पष्ट विधान प्राचीन भारतीय वाङ्मयात मला अन्यत्र सापडलेले नाही. त्याच सुत्तात कसणाऱ्यास बी-बियाणे व अन्न पुरवावे, असा सल्ला पुरोहित राजाला देतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात धनी व सेवक यांच्यासाठी स्वतंत्र जागा ठेवली, ती या परंपरेला धरूनच.

परंतु आपल्या परंपरेतील जी गोष्ट अवघड आहे ती झाकून ठेवणे अभ्यासकाला शोभत नाही. विनयानुसार दासाला त्याच्या धन्याने मुक्त केल्याशिवाय उपसंपदा देता येत नसे. पिलिन्दवच्छ थेरांच्या कथेत बिंबिसार राजा संघासाठी पाचशे 'आरामिक' देतो व त्यांचे वेगळे गावच वसते. संघाला जमिनी दान मिळू लागल्यावर त्या कोणीतरी कसत होते. नाशिक व कार्ले येथील सातवाहनकालीन लेखांत संघाला दिलेल्या जमिनीस 'भिखुहल' हा शब्द आहे. हल म्हणजे नांगर. भिक्खू स्वतः नांगर धरीत नसत, कारण भूमी खणणे त्यांना निषिद्ध होते. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातील, राज्यवर्ष २४ चा गौतमीपुत्र सातकर्णी व त्याच्या मातेचा लेख या दृष्टीने फार बोलका आहे. त्रिरश्मी पर्वतावरील भिक्खूंना पूर्वी काखडी गावातील शेत दिले होते. पण ते शेत कोणी कसत नाही आणि गावात वस्ती राहिलेली नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातील शंभर निवर्तने द्यावीत, अशी ती आज्ञा आहे. राजाचे दान, राजमातेची साक्ष, सर्व माफी. आणि नांगरणारा निघून गेल्यामुळे ते सारे निष्फळ झाले. काखडीची माणसे का उठून गेली हे लेख सांगत नाही. चरीच्या सहा ओस वर्षांची आठवण मात्र हा लेख वाचताना मला प्रत्येक वेळी होते.

रायगड किनाऱ्यावरील लेण्यांत तो नांगरणारा कोठे आहे? राजपुरी खाडीच्या काठी मांदाडजवळ कुडे येथे लेणी आहेत. तेथील दानलेखांत महाभोजांच्या घराण्याशी संबंधित माणसे, लेखक शिवभूती, वैद्य सोमदेव, माळी, श्रेष्ठी, सार्थवाह, लोखंडाचा व्यापारी असे अनेक उपासक भेटतात. महाडच्या गांधारपाले लेण्यांत कुमार काणभोज विष्णुपालित आहे. बंदरे, घाटवाटा व व्यापार यांवर जगणाऱ्या लोकांनी ही लेणी खोदविली हे उघड आहे. शेतात राबणाऱ्याचे नाव मात्र तेथे मला आढळलेले नाही.

ते आढळते घाट चढून गेल्यावर. मावळात तळेगावजवळ शेलारवाडीच्या लेण्यात एक लेख आहे. धेनुकाकट येथील रहिवासी, 'हालकिय कुडुबिक' उसभणक याची पत्नी सिअगुतणिका हिने, आपला पुत्र नंद गहपती याच्यासह, लेणे दान केल्याचे त्यात नमूद आहे. हालकिय म्हणजे हल धरणारा, नांगऱ्या. कुडुबिक म्हणजे कुटुंबिक, ज्यापासून आपला 'कुणबी' शब्द झाला. आणि उसभ म्हणजे बैल. नांगरणाऱ्या घरातील स्त्री लेणे दान देते, पतीचा धंदा लपवीत नाही, उलट दगडात कोरून ठेवते. आणि त्याच ओळींत तिचा मुलगा 'गहपती' झालेला असतो. बाप हालकिय, मुलगा गहपती! एका पिढीत एका घराने एवढे अंतर कापले, आणि ते अंतर कापल्यावरही बापाच्या नांगराची लाज बाळगली नाही.

त्या काळच्या प्राकृतात हा शब्द प्रतिष्ठेचा होता असे मात्र समजू नये. 'गाथासप्तशती'त 'हालिअ' वारंवार येतो, पण बहुधा नागर कवीच्या कौतुकमिश्रित नजरेतून, भोळा व रांगडा म्हणून. पुढे हाच शब्द दक्षिण गुजरातेत 'हाळी' झाला आणि सुरत जिल्ह्यात पाटीदारांच्या घरी कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या गेलेल्या दुबळा जमातीच्या माणसाला लावला गेला. १९२८ च्या बारडोली सत्याग्रहाची कीर्ती देशभर गेली. तो शेतसाऱ्याविरुद्ध जमीनधारकांचा लढा होता. त्यांच्या दारचा हाळी त्यानंतरही हाळीच राहिला. शेलारवाडीत ज्या शब्दासह एका स्त्रीने आपले नाव कोरले, तो शब्द दोनशे मैलांवर बेडी झाला. शब्द आपोआप उंच किंवा नीच होत नाहीत. जमीन कोणाच्या हाती आहे त्याप्रमाणे ते चढतात आणि उतरतात.

या जिल्ह्यातील पूर्वीच्या महारांची स्थिती तर या सर्व शब्दांच्या बाहेरची होती. गावगाड्याच्या हिशेबात तो वतनदार. हाडकी-हाडोळ्याचा तुकडा व बलुते यांच्या बदल्यात सरकारी व गावकीची कामे त्याने करायची. वतनामुळे तो मोकळा मजूरही नव्हता, आणि एवढ्याशा तुकड्यावर पोट भरत नसल्यामुळे खोताच्या शेतात गडी म्हणून राबत होताच. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी महार वतनाविषयी विधेयक मांडले ते या दुहेरी फासाला उद्देशून. वतने कायद्याने गेली ती १९५८ मध्ये, धम्मदीक्षेनंतर. त्यामुळे कूळकायद्याच्या दिवशी आमच्या समाजातील फार थोड्या लोकांच्या हाती 'कूळ' हा शब्द होता.

बाबासाहेबांना ही फट दिसली होती. १९३६ मध्ये त्यांनी पक्ष काढला तेव्हा नावात 'शेतकरी' किंवा 'कूळ' न घालता 'मजूर' घातले. कुळांचा लढा तर त्याच पक्षाने लढविला. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा व जमीन गावातील कुटुंबांना जातिभेद न करता सामुदायिक कसणुकीसाठी द्यावी, असे सुचविले. त्या योजनेत जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही शब्दच निरर्थक होतात. ती योजना संविधानात आली नाही. मग १९५९ मध्ये व पुन्हा १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तेव्हा पडीक जमीन मागण्यास जे तुरुंगात गेले त्यांच्यात मुख्यतः हेच लोक होते : कूळ म्हणून ज्यांची नोंद झाली नव्हती ते.

पाली वाङ्मयात अशा माणसांना मुळीच तोंड नाही असे नव्हे. 'थेरगाथे'त सुमंगल थेर आहेत. आपण विळ्यांतून, नांगरांतून, कुदळींतून सुटलो असे ते मोकळेपणाने सांगतात. या तिन्ही वस्तू वाकड्या आहेत हेही ते सांगतात, आणि ज्याने दिवसभर वाकून कापणी केली आहे त्याला त्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत नंगलकुल थेरांची गोष्ट आहे. ते पूर्वी दुसऱ्यांकडे मोलाने राबत. अंगावर फाटके वस्त्र आणि खांद्यावर नांगर, याखेरीज त्यांच्याजवळ काही नव्हते. एका भिक्खूने त्यांना प्रव्रज्या दिली तेव्हा तो नांगर व ते वस्त्र त्यांनी झाडाच्या फांदीला टांगून ठेवले. पुढे संघात मन लागेनासे झाले की ते त्या झाडाखाली जात आणि फांदीकडे पाहून स्वतःलाच उपदेश करून परत येत. कोणी विचारले तर आपण आचार्यांकडे गेलो होतो असे सांगत. पाली वाङ्मयात आचार्य म्हणून नांगराचा उल्लेख येतो तो येथे.

तर उपासकांच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. कम्मकर म्हणजे गडी. कूळ नव्हे. आपले वडील ज्या कामावर होते तेच काम, आणि ज्या पाच गोष्टी तथागतांनी धन्यावर बंधनकारक म्हणून सांगितल्या त्या आपल्या वडिलांना देय होत्या. कूळ म्हणून नव्हे, राबणारा माणूस म्हणून. यापुढे 'सिगालोवाद सुत्त' शिकविताना 'नोकरचाकर' हा शब्द मी वापरणार नाही. 'कामकरी' हा शब्द मराठीत आहे, तो कम्मकराच्या अर्थाला धरून आहे आणि खारेपाटात तो समजतो. 'गडी' असेच लिहावे का, याचाही मी विचार केला. पण त्या शब्दाला एकवचनाची जी सवय लागली आहे ती सुत्ताच्या भाषांतरात नको, असे मला वाटते; मतभेद असणाऱ्यांनी अवश्य कळवावे.

पुढच्या वर्षावासात त्याच विहारात हे सुत्त पुन्हा घेण्याचे ठरले आहे. खालच्या दिशेपासूनच सुरुवात करावी, अशी सूचना त्या उपासकांनीच केली आहे.